एक नासका आंबा, की आढीच नासकी?

एडिनबऱ्यात लॉनमार्केट भागात ‘डीकन ब्रॉडीज टॅव्हर्न’ नावाचा पब आहे. भारतातून कोणी आलं की मी तो आवर्जून दाखवतो. कारण हा ब्रॉडी म्हणजे चक्क चोर नगरसेवक!

विल्यम ब्रॉडी सुतारांच्या संघाचा प्रमुख, आणि त्या नात्याने नगरपालिकेत. दिवसा लोकांकडे कपाटं-कुलपं बसवायची, किल्ल्यांचे ठसे घ्यायचे आणि रात्री हात मारायचा. मार्च १७८८ मध्ये त्याच्या टोळीने अबकारी कचेरी फोडली. हाती लागले जेमतेम १६ पौंड! एक साथीदार फुटला, ब्रॉडी ॲमस्टरडॅमला पळाला, तिथे पकडला गेला आणि १ ऑक्टोबरला फासावर गेला.

एक आंबा नासका निघाला म्हणावं, तर आढी कशी होती? जुन्या सभासदांनीच नवे निवडायचे. मग हिशेब विचारणार कोण?

१८०५ च्या कायद्याने पहारा, दिवाबत्ती आणि झाडलोट वेगळ्या पोलीस मंडळाकडे गेली. त्यातले काही सदस्य करदाते निवडत. गुन्हे काही थांबले नाहीत. ३१ डिसेंबर १८११ च्या रात्री दंगल आणि लुटालूट झाली, एका पहारेकऱ्याचा जीव गेला. नगरपालिका मात्र जुन्याच पद्धतीने चालली. १८३३ साली तिचं दिवाळं वाजलं आणि त्याच वर्षी, कायद्याने, नगरसेवक निवडायला मतदार आले.

ब्रॉडीचा निकाल ७ महिन्यांत लागला. आढी बदलायला ४५ वर्षं लागली. म्हणून आपल्याकडच्या एखाद्या गावात चोऱ्या वाढल्याचं वाचलं, की मला आधी विचारावंसं वाटतं: तिथल्या दिवाबत्तीचा हिशेब कोण मागतं?