धातू की पॉलिमर? पिस्तुलाच्या फ्रेमवरून शिकायची एक गोष्ट

'नवं साहित्य चांगलं होतं, म्हणून जुनं मागे पडलं.' तंत्रज्ञानाच्या इतिहासावर संशोधन आराखडा लिहायला बसलात की हे वाक्य तुमच्याही हातून आपोआप उतरेल. आज असं एक उदाहरण घेऊ, जिथे ते बऱ्यापैकी खरं आहे आणि तरीही पुरत नाही. अमेरिकेत कपड्यांखाली लपवून बाळगायचं पिस्तूल घेताना फ्रेम धातूची घ्यावी की पॉलिमरची, हा तिथल्या गिऱ्हाइकाचा नेहमीचा प्रश्न. तो प्रश्न आला कुठून?

फ्रेम म्हणजे पिस्तुलाचा सांगाडा. मूठ, ट्रिगर आणि वरची मागेपुढे सरकणारी स्लाइड त्यावर बसते. 'प्लास्टिकचं पिस्तूल' म्हणतात तेव्हा फक्त हा सांगाडा प्लास्टिकचा असतो. नळी आणि स्लाइड पोलादाचीच.

आता नेहमी सांगितली जाणारी हकिकत बघा. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीने 1970 मध्ये पॉलिमर फ्रेमचं व्हीपी70 आणलं, पण त्याचा फारसा बोलबाला झाला नाही. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने गॅस्टन ग्लॉक यांचं ग्लॉक 17 स्वीकारलं. मग ते अमेरिकेत गेलं, आणि हलकं, साच्यातून काढायला स्वस्त म्हणून बाजी मारून गेलं. या हकिकतीला आपण तीन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: हलकेपणाची गरज पॉलिमरने निर्माण केली का? नाही. 1950 च्या सुमारास कोल्टने अॅल्युमिनियम फ्रेमचं कमांडर पिस्तूल आणि कोब्रा रिव्हॉल्व्हर आणलं. पाठोपाठ स्मिथ अँड वेसनचं 'एअरवेट' आलं. म्हणजे दिवसभर कमरेला वजन नको, ही तक्रार जुनीच. तिची किंमतही जुनीच. गोळी तीच ठेवून शस्त्राचं वजन निम्मं केलं, तर मागे येणाऱ्या झटक्याची ऊर्जा साधारण दुप्पट होते. बाळगायला सोपं ते चालवायला अवघड. हलकेपणा किती ताणायचा यालाही मर्यादा होती. अमेरिकी हवाई दलाने त्याच दशकात सिलिंडरसुद्धा अॅल्युमिनियमचं असलेलं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं. ते फुटण्याचा धोका दिसला, म्हणून आधी कमी दाबाची काडतुसं वापरली आणि शेवटी शस्त्रच मागे घेतलं.

दुसरा प्रश्न: लोक नव्या साहित्याला घाबरले, ते नेमकं कशाला? जानेवारी 1986 मध्ये जॅक अँडरसन आणि डेल व्हॅन ॲटा यांच्या वृत्तपत्रीय स्तंभात बातमी आली, की लिबियाचे गद्दाफी ऑस्ट्रियन प्लास्टिक पिस्तुलं विकत घ्यायच्या खटपटीत आहेत. विमानतळावरच्या यंत्राला ही पिस्तुलं दिसणार नाहीत, अशी भीती पसरली आणि अमेरिकी काँग्रेसमध्ये सुनावण्या झाल्या. 1988 चा कायदा काय म्हणतो? किमान 3.7 औंस, म्हणजे सुमारे 105 ग्रॅम स्टीलइतका संकेत यंत्रात उमटला पाहिजे. ग्लॉकमध्ये याच्या कितीतरी पट पोलाद होतं, त्यामुळे त्याच्यावर बंदी आलीच नाही. उलट ज्यांना पिस्तुलाशी देणंघेणं नव्हतं, त्यांच्याही कानावर त्याचं नाव गेलं.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच कळीचा: लपवून बाळगायची परवानगी कोणाला होती? फ्लोरिडाने 1987 मध्ये कायदा केला, की अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यायचाच. पुढे अनेक राज्यं त्या वाटेने गेली आणि सामान्य नागरिक हे मोठं गिऱ्हाईक झालं. मग 1994 च्या संघीय कायद्याने नागरिकांसाठी दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन बनवायला बंदी घातली. ती 2004 पर्यंत टिकली. विचार करा, दहाच गोळ्या मिळणार असतील तर मोठं पिस्तूल कशाला वागवायचं? 1995 मध्ये ग्लॉक 26 आलं: आखूड, पॉलिमर फ्रेमचं, दहा गोळ्यांचं. आकाराचा हा हिशेब कायद्याने घालून दिला होता. पॉलिमर त्यात चपखल बसलं.

आणि गोष्ट एकाच दिशेने जात नाही. 2022 मध्ये स्मिथ अँड वेसनने सीएसएक्स हे अॅल्युमिनियम फ्रेमचं छोटं पिस्तूल आणलं. पिस्तूल एवढं लहान झाल्यावर थोडं जादा वजन चालतं, झटका आवरायला उपयोगीही पडतं. म्हणजे 'मागे पडलेला' धातू परत आला.

आता पुराव्याकडे या. जाहिराती, पेटंट, सुनावण्यांची इतिवृत्तं भरपूर मिळतात. पण ही सगळी विकणाऱ्यांची आणि कायदा करणाऱ्यांची कागदपत्रं. खरोखर कोणी काय बाळगलं, ते शोधणं कठीण. फ्लोरिडात 2006 पासून परवानाधारकांची ओळख गोपनीय आहे. शिवाय परवाना माणसाचा असतो. आज कमरेला कोणतं पिस्तूल आहे, हे त्यात नसतं. मग आपण विक्रीवरून वापर ठरवतो. ही उडी तुम्ही घेणार असाल, तर प्रबंधात ती घेतली आहे असं उघड लिहा. वस्तू माणसं मारणारी आहे. या विषयात ढिलं विधान केलं की तेच उद्या कोणत्यातरी वादात आकडा म्हणून वापरलं जातं.

तुमचा विषय पंप असो, छपाईयंत्र असो की सायकल, 'हे साहित्य चांगलं ठरलं' असं लिहिल्यावर थांबा आणि पुढे तीन शब्द जोडून बघा: कोणासाठी, कधी, कोणत्या नियमाखाली. उत्तर देता आलं नाही, तर तिथेच तुमचा संशोधनप्रश्न आहे.