पार्लरमधील राजदरबार

‘स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर’ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार केरी जेम्स मार्शल यांचे २०१२ सालचे चित्र. सुमारे ९ फूट उंच आणि १३ फूट रुंद अशा या कॅनव्हासवर कृष्णवर्णीय स्त्रियांनी गजबजलेले ब्यूटी पार्लर दिसते. प्रसंग नित्याचा असला तरी मांडणी राजदरबाराच्या चित्राला साजेशी आहे. मागील आरशात छायाचित्र घेणाऱ्याचे प्रतिबिंब आहे. फ्लॅशच्या झोतात त्याचा चेहरा लोपला आहे. येथे वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’मधील (१६५६) आरशाची आठवण होते.

पुढच्या बाजूला एक ताणलेली, विरूप आकृती तरंगते. तिरक्या कोनातून पाहिल्यास ते डिस्नेच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’चे सोनेरी केसांचे मस्तक असल्याचे उमगते. होल्बाइनने ‘द अँबॅसडर्स’मध्ये (१५३३) याच युक्तीने कवटी रंगवून मृत्यूचे स्मरण करून दिले होते. मार्शल यांनी कवटीच्या जागी गोऱ्या सौंदर्याचा आदर्श ठेवला. मोठी माणसे आपापल्या व्यवहारात गुंतलेली आहेत. एक लहान मूल मात्र त्या आकृतीकडे वाकून पाहते. ते सुंदर कोणाला मानणार, हाच चित्राचा कळीचा प्रश्न होय.

मार्शल यांचे उत्तर रंगातून येते. त्वचा तपकिरी न करता त्यांनी ती गडद काळी रंगवली. युरोपीय चित्रांत बहुधा कडेला, सेवकाच्या रूपात दिसणारी ही माणसे येथे केंद्रस्थानी आहेत.

हे चित्र अलाबामातील बर्मिंगहॅमच्या कलासंग्रहालयात आहे. मार्शल यांचा जन्म १९५५ मध्ये याच शहरात झाला, तेव्हा तेथे वंशविभाजनाचे कायदे लागू होते.