बदलापूर पट्ट्यात वाइन: द्राक्ष की जांभूळ?

नाशिकच्या वायनरी पाहून आल्यावर अंबरनाथ-बदलापूरकडच्या शेतकऱ्याला आपणही वाइन द्राक्ष लावावे असे वाटणे साहजिक आहे. आमचा सल्ला स्पष्ट आहे: लावू नका. नाशिकला ऑक्टोबर छाटणीनंतरची कोरडी हवा आणि थंड रात्री यांवर ही द्राक्षे तयार होतात. उल्हास खोऱ्यात वर्षाला 2000 मि.मी.पेक्षा जास्त पाऊस पडतो, हवाही दमट. केवडा आणि करपा आवरण्यासाठी फवारण्यांवर फवारण्या होतील आणि त्यातले औषध शेवटी ओढ्या-नदीलाच मिळेल.

तुमच्याकडे जांभूळ आहे. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि या फळापासून उत्तम लाल वाइन होते. अडचण आहे ती जुनी झाडे प्लॉटिंगमध्ये तुटण्याची. म्हणून बांधावरचे झाड तोडण्याआधी त्याची फळे तपासा. फळ मोठे, गर जास्त, बी लहान असेल तर त्याच्या काड्या घेऊन कलमे बांधून घ्या. बियांपासून वाढवलेल्या रोपात मूळ झाडाचे गुण उतरतीलच असे नाही, शिवाय फळाला 8 ते 10 वर्षे लागतात. लागवड जून-जुलैत, 10 × 10 मीटरवर करा. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा, मधमाश्या मरतात.

काढणीत मात्र घाई आणि आळस दोन्ही नडतात. जांभूळ तोडल्यावर पिकत नाही, त्यामुळे पूर्ण काळेभोर झालेलेच तोडा. पहिला पाऊस झाला की फळ फुटते, सडते. फांदी ठिसूळ असते, अंगाच्या भाराने मोडते. झाडावर चढण्याऐवजी बांबूची परांची बांधा, खाली जाळी धरा. मोठे फळ ताजे विका. लहान पण निरोगी फळ वाइनसाठी ठेवा. मातीत पडलेले त्यात मिसळू नका.

फळ एक-दोन दिवसच टिकते. म्हणून त्याच दिवशी धुऊन, बी न फोडता गर काढा आणि उणे 18 अंशांवर गोठवा. फुटलेल्या बीमुळे वाइनला कडवटपणा येतो. आंबवताना गराची साखर 22 ते 24 ब्रिक्सपर्यंत आणून वाइनचे यीस्ट वापरतात. पण राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय वाइन बनवून विकणे गुन्हा आहे. गटाने गर गोळा करून परवानाधारक वायनरीला देणे, हा सुरुवातीचा सोपा मार्ग. मानांकनाचे नाव डब्यावर छापण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करा. त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात चौकशी करा.