भुयारातली स्थानके आणि आपली नावे

मुंबईची भुयारी मेट्रो, म्हणजे मेट्रो-3, 9 ऑक्टोबर 2025 पासून पूर्ण लांबीने प्रवाशांसाठी खुली झाली. आरे ते कफ परेड हे अंतर 33.5 किलोमीटर. स्थानके 27, त्यातले आरे तेवढे जमिनीवर, बाकी 26 जमिनीच्या पोटात. लंडनमध्ये अशी गाडी 1863 साली धावली, कलकत्त्यात 1984 साली. 1853 मध्येच आगगाडी पाहिलेल्या मुंबईला भुयारात शिरायला मात्र एवढा काळ लागला.

आम्हा नाशिककरांची कथा तर आणखी निराळी. 1889 मध्ये नाशिकरोड स्टेशनापासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम होती, ती 1930 नंतरच्या दोन-चार वर्षांत बंद पडली. पुढे 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली. ती मेट्रो कागदावरच राहिली. म्हणून आम्ही इंदिरानगरवाले मेट्रोत बसायचे तर पंचवटीने सीएसएमटी गाठतो आणि तिथून जिना उतरतो.

17 अजस्र यंत्रांनी हे जोडबोगदे पोखरले. धारावी आणि बीकेसीच्या मधे तर गाडी मिठी नदीच्या खालून जाते. पण दगड फोडणे सोपे म्हणावे इतके वरचे प्रश्न अवघड होते. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या चाळींतील रहिवाशांना घरे सोडावी लागली. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे कारशेडसाठी तोडली गेली, सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हणेपर्यंत बहुतेक झाडे पडलेलीच होती. पारशी बांधव आपल्या आतश बेहरामच्या पावित्र्यासाठी उच्च न्यायालयात गेले, 2018 मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. प्रार्थनास्थळाखालून बोगदा जाणार म्हटल्यावर मनाला काय वाटते, हे आपल्याला कोणी वेगळे समजावून सांगायला नको. मे 2025 च्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले, ते सर्वांनी पाहिलेच.

इतिहासाचा शिक्षक मात्र नावांपाशी अडतो. जगन्नाथ शंकरशेट हे नाव योग्यच आहे, पहिल्या आगगाडीसाठी खटपट करणाऱ्यांत नाना होते आणि त्यांच्या जोडीला जमशेटजी जीजीभॉय होते. शितलादेवी स्थानकात उतरले की माहीमचा दर्गा फार लांब नाही. 1431 साली वारलेल्या मखदूम अली माहिमींनी अरबीत कुरआनचे भाष्य लिहिले. आपण तिथे उरुसाला जातो, चादर चढवतो, पण त्यांचे विद्वान म्हणून असलेले मोठेपण आपल्याच घरांत कितीजण सांगतात?

सीएसएमटीच्या पुढचेच स्थानक हुतात्मा चौक. 21 नोव्हेंबर 1955 रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला. अत्रे यांनी ‘मराठा’ दैनिकातून लढा पेटता ठेवला, त्यांचे नाव दुसऱ्या स्थानकाला मिळाले. आणि सभांच्या गर्दीला डफावर उभे करणारे शाहीर अमर शेख? बार्शीचे, कामगारांचे शाहीर, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांचे साथीदार. त्यांच्या नावाचे स्थानक या मार्गावर नाही. तक्रार म्हणून आम्ही हे लिहीत नाही, सगळ्यांची नावे 27 पाट्यांवर मावणारही नाहीत. पण मराठी राज्य मागणाऱ्यांत आपण होतो की नव्हतो, असे कोणी विचारले तर उत्तर आपल्या मुलांना पाठ हवे. उर्दू शाळेतील मूल म्हणजे मराठीपासून दूरचे, हा समज अजून पुरता गेलेला नाही.

आमच्या वर्गात मेट्रोचा नकाशा लावला की मुले आधी समुद्रालगतची स्थानके शोधतात. हुतात्मा चौकावर बोट आले की आम्ही 1955 ची गोष्ट सांगतो आणि फळ्यावर अमर शेख हे नाव आधी मराठीत लिहितो, मग त्याखाली उर्दूत.