शुगर आणि शरीराचा 'गंज' : अँटीऑक्सिडंट घेतले म्हणून गोळी बंद करता येते का?

तुंगार्ली (ता. मावळ) : मावळच्या पावसात बाहेर राहिलेला कोयता चार दिवसांत गंज धरतो. ओल आणि हवेतला ऑक्सिजन मिळून लोखंड खातात. शरीराच्या पेशींमध्येही ऑक्सिजनमुळे काहीशी अशीच झीज होत असते. टाईप २ मधुमेह, म्हणजे आपल्याकडची 'शुगर' असलेल्यांमध्ये ती जास्त होते. डॉक्टर याला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणतात. ही झीज रोखणारे घटक म्हणजे अँटीऑक्सिडंट. या नावाने पावडरी, रस आणि कॅप्सूल विकल्या जातात आणि काही जण त्यांच्या भरवशावर चालू गोळी सोडून देतात. धोका तिथेच आहे.

झीज कशी होते?

पेशी साखर जाळून ताकद तयार करतात. चूल पेटली की धूर होणारच, तसे या जळण्यातून 'फ्री रॅडिकल' नावाचे उपद्रवी कण तयार होतात. त्यांना आवरायला शरीराकडे स्वतःची व्यवस्था असते. ग्लुटाथायोन हा त्यातला मुख्य घटक. रक्तात साखर सतत वाढलेली राहिली की हे कण वाढतात आणि ग्लुटाथायोन कमी पडते. मग रक्तवाहिन्यांना आतून इजा होते. डोळ्यांचा पडदा, किडनी, पायाच्या नसा आणि हृदय यांचे नुकसान होत जाते. सुरुवातीला दुखत-खुपत काहीच नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

पुण्यातला अभ्यास काय सांगतो?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील प्रा. सरोज घासकडबी आणि 'आयसर पुणे' येथील डॉ. प्रणय गोयल यांच्या गटाने याच विषयावर काम केले. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मधुमेहाचे उपचार चालू असलेले २५० जण त्यात होते. त्यातल्या १२५ जणांना सहा महिने रोज ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन दिले. त्यांच्या रक्तातले ग्लुटाथायोन वाढले आणि डीएनएला होणारी इजा कमी झाल्याचे दिसले. ५५ वर्षांवरच्या रुग्णांमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, कमी झाली.

यात एक गोष्ट विसरू नये. ग्लुटाथायोन चालू उपचारांच्या जोडीला दिले होते, गोळ्यांऐवजी नाही.

प्रत्येक अँटीऑक्सिडंटचा उपयोग होतोच असेही नाही. २००० साली 'होप' नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. साडेनऊ हजारांहून जास्त लोकांच्या या चाचणीत मधुमेहीही बरेच होते. व्हिटॅमिन ई सुमारे साडेचार वर्षे रोज घेऊनही हार्ट अटॅक आणि लकवा कमी झाले नाहीत.

ताटात काय असावे?

- पालेभाज्या, शेवग्याचा पाला, डाळी, कडधान्ये, जवस आणि मूठभर शेंगदाणे.
- आवळा, पेरू, हंगामात जांभूळ आणि करवंदे. फळ चावून खावे, रस काढू नये. रसात चोथा जातो आणि साखर पटकन चढते.
- मोरावळा आवळ्याचा असला तरी पाकातला आहे. चिक्की गुळाची असली तरी साखर वाढवतेच.
- इंद्रायणी भात सोडायची गरज नाही, पण वाढणी कमी आणि आमटी-भाजी जास्त.
- बिडी, सिगारेट, तंबाखू बंद. धुरातून असेच कण थेट शरीरात जातात.
- रोज अर्धा तास भरभर चालणे. नियमित व्यायामाने शरीराची स्वतःची अँटीऑक्सिडंट व्यवस्था मजबूत होते.

हे टाळा

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कारल्याचा रस किंवा कोणतीही पावडर मनाने सुरू करू नये. साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

तपासणी कधी?

तिशी ओलांडलेल्यांची शुगर आणि बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंकडे विचारणा करावी. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून मधुमेहाची खात्री करतात. मधुमेह असलेल्यांनी एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी करावी. डोळ्यांचा पडदा, लघवीतले प्रथिन आणि पायांची तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्यावी. भातलावणीच्या दिवसांत चिखलातून आल्यावर पाय धुऊन, कोरडे करून, जखम आहे का ते रोज पाहावे.