प्रमाणाचा वारसा



स्मरणिकेच्या पानांतून आपण वंशावळी छापतो, देणगीदारांच्या याद्या छापतो, दिवंगतांस श्रद्धांजली वाहतो. हे सर्व योग्यच आहे. तथापि आपल्या घराघरांतून चालत आलेला एक वारसा सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. तो म्हणजे प्रमाणाचा वारसा. कशात काय व किती घालावे, हे ज्ञान बहुतेक घरी माउलीच्या हातात राहिले आणि तिच्याबरोबरच गेले. त्याचा थोडा इतिहास, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील एका पदार्थाच्या आधारे, येथे सांगण्याचे योजिले आहे. तो पदार्थ म्हणजे खार.

आमचे वडनेर भोलजी हे घाटाखालचे गाव. उन्हाळा लागला की अंगणात बाजा पडत आणि त्यांवर उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे, कुरडया वाळत. उडदाच्या पापडाचा जीव पापडखारात असतो. खार कमी पडला तर पापड फुलत नाही; अधिक झाला तर तळताना लाल पडतो व जिभेस कडवट लागतो. अशा खाराचे एक प्राचीन स्थान आपल्याच जिल्ह्यात, घाटावर, लोणार येथे आहे.

लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेल्या विवरात आहे. त्याचे पाणी खारे, सोडायुक्त आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठी क्षारांचे थर जमत व ते गोळा केले जात. त्यांच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लने आईन-इ-अकबरीत मेहकर सरकारचे वर्णन करताना, काच व साबण यांस लागणारी द्रव्ये लोणारला मिळतात, अशी नोंद केली आहे. म्हणजे जो खार पापडात, तोच काचेत! आज हे सरोवर अभयारण्य असून २०२० साली ते रामसर यादीत समाविष्ट झाले. क्षार काढण्याचा तो धंदा इतिहासजमा झाला आहे.

काचेचे उदाहरण मोठे बोधप्रद आहे. निव्वळ वाळू वितळविण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोडा मिसळला की ती बऱ्याच कमी उष्णतेवर वितळते. परंतु वाळू व सोडा एवढ्यानेच केलेली काच पाण्यात विरघळते! तिला टिकाऊपणा आणण्यासाठी चुना घालावा लागतो. नेहमीच्या काचेत शंभर भागांपैकी सुमारे ७० ते ७४ भाग वाळूचे, १२ ते १६ सोड्याचे व दहाच्या आसपास चुन्याचे असतात. अंताजी दामोदर काळे यांनी उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना निघाला. तेथे जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तरुणांस ही विद्या दिली. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काचकारखाना काढला व त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. ज्ञान शिकविता आले, म्हणून ते पसरले. आणि शिकविता आले याचे कारण ते आकड्यांत मांडलेले होते.

आता चुलीकडे वळू. येथे आम्हांस स्वतःची चूक सांगितली पाहिजे. आमच्या मातोश्रींजवळ एक लहान पितळी वाटी होती. एक पायली डाळीच्या पिठास त्या वाटीने सपाट एक वाटी खार, हे त्यांचे माप. त्या गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मुलीच्या लग्नाच्या रुखवतासाठी सुनांनी त्याच वाटीने, त्याच मापाने पापड केले. सारे लाल पडले, कडू झाले. रुखवतात घरचा पापड मांडता आला नाही. सुनांना बोल लागला. तो अन्यायाचा होता, हे आम्हांस पुढे कळले.

मातोश्री खड्याचा खार आणीत. त्यात मातीही असे. तो पाण्यात उकळून, गाळ तळाशी बसू देऊन, वरची निवळी तेवढी त्या घेत. सुनांनी दुकानातील पुडीचा स्वच्छ, बारीक खार घेतला. वाटी तीच, परंतु वाटीतील द्रव्य बदलले होते. धुण्याच्या सोड्याच्या खड्यांत २८६ भागांपैकी १८० भाग पाणीच असते. तेव्हा एकाच नावाच्या दोन वस्तूंत बळाचे किती अंतर पडू शकते, हे ध्यानी यावे. पुढच्या वर्षी आम्ही पाव पाव किलो पिठाचे तीन गोळे केले. त्यांत ७, ९ व ११ ग्रॅम खार घालून एकेक पापड तळून पाहिला. ९ ग्रॅमचा उत्तम उतरला. म्हणजे किलोस ३६ ग्रॅम. पस्तीस वर्षे मुलांना त्रैराशिक शिकविणाऱ्या आम्हांस आईची वाटी तिच्या हयातीत एकदा तराजूत ठेवण्याचे सुचले नाही, ही खंत मात्र उरली.

मापांचा घोटाळा जुनाच आहे. मापी शेर वेगळा, वजनी शेर वेगळा. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. इतर ठिकाणी शेर निराळे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली व १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. बाजार बदलला, तरी स्वयंपाकघरात वाटी, चिमूट व ‘अंदाज’ राहिले. अंदाज हे अज्ञान नव्हे. ते वर्षानुवर्षांच्या अनुभवाचे फळ होय. परंतु ते एका हातातून दुसऱ्या हातात आपोआप जात नाही.

नीट सांभाळलेले प्रमाण काय करू शकते, हे मुंबईत दिसले. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तीच आजची लिज्जत पापडाची संस्था. तेथे पीठ शाखेत एकत्र मळले जाते व भगिनी ते घरी नेऊन लाटतात. हात हजारो, परंतु प्रमाण एक. म्हणून चव एक.

म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक कुटुंबाने घरातील वडील स्त्रीजवळ बसावे. तिच्या हाताने घेतलेली चिमूट, मूठ, वाटी तराजूत घालून ग्रॅममध्ये लिहावी. वस्तू कोणत्या प्रतीची व ती कशी शुद्ध करून घेतात, हेही लिहावे आणि शेजारी तिचे नाव घालावे. पुढील स्मरणिकेत वंशावळींच्या शेजारी ही पाने यावीत. ज्यांचे नाव वंशावळीत क्वचितच येते, त्या माउलींचे तेवढे तरी ऋण फिटेल.

आमच्या पानावर मात्र मातोश्रींचे नाव आणि सुनांनी काढलेला आकडा, असे दोन्ही असेल. इत्यलम्.