वैदूची शाळा

माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे. शिरूर कासारला आजीच्या ओट्यावर येऊन बसणाऱ्या वैदूकडे एकही कागद नव्हता. होती फक्त झोळी आणि तुंबडी.

वैदू ही भटकी जमात. घरात तेलुगू वळणाची बोली, गावात मराठी. बाया दारोदार सुया-पोत विकायच्या. पोरगं बापामागं चालत शिकायचं: कुठल्या माळावर काय उगवतं, मुळी कधी खणायची आणि मुख्य म्हणजे काय द्यायचं नाही. बिब्बा औषधी, पण त्याचं तेल उतलं तर अंगावर फोड येतात. धोतऱ्याची मात्रा चुकली की माणूस भ्रमिष्ट होतो. पांगलेली कुटुंबं शेजारच्या पाथर्डी तालुक्यात, मढीच्या कानिफनाथ यात्रेला जमायची.

कागद नंतर आला. मुंबई इलाख्यात वैद्यांच्या नोंदणीचा कायदा १९३८ चा. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, ते १९४८ पर्यंत. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ चा मेडिकल प्रॅक्टिशनर्स कायदा आला आणि नोंदणीशिवाय वैद्यकी करणं गुन्हा ठरलं.

मला हा कायदा चूक वाटत नाही. चुकीच्या औषधानं माणसं दगावतात. पण वैदूला थांबवताना त्याला येत होतं त्यातलं खरं किती, खोटं किती, हे बसून तपासायचं राहिलं. त्याची पोरं दुसऱ्या कामाला लागली.

आजीच्या पायावर जुन्या जखमेचा व्रण आहे. मी विचारलं, "कुठला पाला लावला होता गं?"

"त्यालाच ठाऊक, बाबा."

नाव विचारलं, तर तेही तिला आठवेना.